इंग्रजी व्याकरणाचा अभ्यास कशासाठी?

(संस्थेच्या वार्षिक पालक-शिक्षक मेळाव्यात कन्हान येथे केलेले भाषण)



आज मला इंग्रजी व्याकरणावर बोलण्यास सांगण्यात आले आहे. विषयाचे नाव ऐकताच मागच्या रांगेतील काही विद्यार्थ्यांनी घड्याळाकडे पाहिले, हे माझ्या नजरेतून सुटले नाही. त्यांनी घाबरू नये. मी आज नियम पाठ करून घेणार नाही. मला उत्तर न आलेल्या एका प्रश्नाची हकीकत तेवढी सांगणार आहे.

नोकरीच्या सुरुवातीच्या काळातील ही गोष्ट. नववीच्या वर्गात मी प्रश्नार्थक वाक्ये शिकवीत होतो. 'व्हेअर इज ही?' असे फळ्यावर लिहिले आणि प्रश्न विचारताना 'इज' कर्त्याच्या आधी येते, असा नियम सांगितला. एका विद्यार्थिनीने वहीत लिहिले, 'आय डोन्ट नो व्हेअर इज ही.' मी लाल शाईने ते खोडून 'व्हेअर ही इज' असे केले. ती उभी राहिली आणि म्हणाली, "सर, 'इज' आधी येते असे आपणच सांगितले ना? मग माझे चुकले कुठे?"

मजजवळ उत्तर नव्हते. मी बी.ए. होतो, बी.एड. होतो, पण उत्तर नव्हते. "इंग्रजीत तसेच असते, पाठ कर," असे म्हणून मी तिला खाली बसविले. त्यानंतर वर्ष संपेपर्यंत तिने मला एकही प्रश्न विचारला नाही. मित्रहो, त्या दिवशी चूक तिच्या वहीत नव्हती, माझ्या तयारीत होती.

बी.ए.ला आम्ही कविता वाचल्या, नाटके वाचली, कादंबऱ्या वाचल्या. व्याकरण होते ते रिकाम्या जागा भरण्यापुरते. बी.एड.ला पाठाचे टाचण कसे काढावे हे शिकलो. इंग्रजी वाक्य असे का बनते, हा प्रश्न मला कोणी विचारला नाही आणि मीही कोणाला विचारला नाही.

पुढे क्वर्क व ग्रीनबॉम या दोघा विद्वानांनी १९७३ साली विद्यापीठीय विद्यार्थ्यांसाठी लिहिलेले इंग्रजी व्याकरण माझ्या हाती पडले. तेथे माझ्या विद्यार्थिनीचे उत्तर सापडले. सहायक क्रियापद कर्त्याच्या आधी येते ते प्रश्न स्वतंत्रपणे विचारला असेल तेव्हा. तोच प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या पोटात गेला की त्याचे नामवाक्य होते आणि क्रियापद आपल्या मूळ जागी राहते. मराठीत हा प्रश्नच उद्भवत नाही. 'तो कुठे आहे?' आणि 'तो कुठे आहे, ते मला माहीत नाही.' क्रम तोच. उर्दूतही तसेच, 'वह कहाँ है?' आणि 'मुझे मालूम नहीं वह कहाँ है.' म्हणून आपली मुले 'व्हाय यू आर क्राइंग?' असे विचारतात. आपण हसतो. पण त्याच शब्दांच्या आधी 'आय नो' जोडा, वाक्य बिनचूक होते! म्हणजे मुलाने नियम मोडलेला नाही. एका जागचा नियम त्याने दुसऱ्या जागी लावला आहे. एडिंबरो येथील पिट कॉर्डर यांनी १९६७ साली एका प्रसिद्ध लेखात हेच मांडले की, शिकणाऱ्याच्या चुका हा अडाणीपणाचा पुरावा नसून तो भाषा कशी उभी करीत आहे याची खूण आहे.

शालेय व्याकरण काय बरोबर ते सांगते; सैद्धांतिक व्याकरण ते का बरोबर, हे विचारते. नोम चॉम्स्की यांचे 'सिन्टॅक्टिक स्ट्रक्चर्स' हे छोटेखानी पुस्तक १९५७ साली निघाले. मोजक्या नियमांतून अगणित वाक्ये कशी तयार होतात, या प्रश्नाला त्यानंतर जगभर नवी चालना मिळाली.

काही जण म्हणतील, व्याकरण शिकून इंग्रजी बोलता येत नाही. अगदी खरे आहे. बोलणे हे ऐकण्याने व बोलण्यानेच येते. परंतु डॉक्टर शरीररचना शिकतो ती स्वतः चालता यावे म्हणून नव्हे. लंगडणाऱ्याचे कुठे दुखते हे कळावे म्हणून. शिक्षकाचे तसेच आहे.

दुसरी शंका अशी की, परक्या भाषेचे व्याकरण आपल्याला काय झेपणार? अरबी व्याकरणाचा पायाभूत ग्रंथ आठव्या शतकात रचणारा सीबवैह हा जन्माने इराणी होता. त्याला अरबीचे नियम शोधावे लागले, म्हणूनच ते त्याला दिसले असावेत, असे मला वाटते. आपल्याकडे दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले, तेव्हा इंग्रजी व्याकरणाचा नमुना त्यांच्यापुढे होता. एक भाषा दुसरीचा आरसा होते, ती अशी.

आणि आपल्या कन्हानच्या मुलाजवळ तर किती आरसे! घरात उर्दू, बाजारात हिंदी आणि मराठी, शाळेत इंग्रजी. 'सलीमने आंबा खाल्ला', 'सलीमने भाकरी खाल्ली'. उर्दूत 'सलीम ने आम खाया', 'सलीम ने रोटी खाई'. दोन्हीकडे क्रियापद खाल्लेल्या वस्तूप्रमाणे बदलते. इंग्रजीत मात्र आंबा असो की भाकरी, 'एट' ते 'एट'च. पुन्हा गंमत पाहा, उर्दूत 'मैं ने' म्हणतात, मराठीत नुसते 'मी'. ज्या गोष्टी इतरांना पुस्तकातून शिकाव्या लागतात, त्या आपल्या मुलांच्या जिभेवर आहेत. त्यांच्याकडे बोट दाखविणारा शिक्षक तेवढा हवा.

म्हणून माझ्या तीन विनंत्या आहेत. संस्थेने वाचनालयात भाषाशास्त्र व व्याकरण यांच्यासाठी एक कपाट राखून ठेवावे. उर्दू, मराठी, हिंदी व इंग्रजीच्या शिक्षकांनी महिन्यातून एकदा एकत्र बसून मुलांच्या चुका समोर ठेवाव्यात आणि प्रत्येक चुकीचे कारण शोधावे. आणि पालकांना विनंती अशी की, मुलगा किंवा मुलगी भाषाशास्त्र घेऊन पुढे शिकू म्हणाली, तर "त्याचा उपयोग काय?" असे लगेच विचारू नये. पुण्याचे डेक्कन कॉलेज आहे. हैदराबादला १९५८ साली इंग्रजी अध्यापनासाठी निघालेली केंद्रीय संस्था २००७ पासून केंद्रीय विद्यापीठ झाली आहे. ही दारे आपल्याही मुलांसाठी आहेत.

ती विद्यार्थिनी शाळा सोडून गेली. तिला द्यावयाचे उत्तर मी आता दरवर्षी नववीच्या वर्गाला देतो. तिच्यापर्यंत ते पोहोचले नाही, याची खंत आहे. आपल्या शाळेत यापुढे "सर, असे का?" म्हणून उभ्या राहिलेल्या मुलाला कोणी "पाठ कर" म्हणून खाली बसवू नये, एवढीच अपेक्षा व्यक्त करून आपली रजा घेतो.

जय हिंद!