विषय क्रमांक पाच



सप्टेंबर जवळ आला की मुंबईतल्या मरोळच्या सोसायट्यांत वार्षिक सर्वसाधारण सभेची धांदल उडते. ३० सप्टेंबरच्या आत सभा, आणि तिच्या १४ दिवस आधी सूचना. ही सूचना पूर्वी जिन्याखालच्या फळ्यावर लागायची, आता पीडीएफ होऊन व्हॉट्सॲपवर येते. मिलिटरी रोडवरच्या आमच्या इमारतीत एक दृष्टिहीन सभासद आहेत. नोकरी सीप्झमध्ये, दिवसभर कॉम्प्युटरवर काम. एनव्हीडीए नावाचा मोफत स्क्रीन रीडर त्यांना मजकूर वाचून दाखवतो. गेल्या वर्षीची विषयपत्रिका त्यांनी मला स्पीकरवर ऐकवली.

आधी आवाज म्हणाला, "एक दोन तीन चार पाच सहा सात." मग एका दमात, "मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे वार्षिक हिशेब मंजूर करणे लेखापरीक्षकांची नेमणूक..." आकडे एका उभ्या पट्टीत, विषय दुसऱ्या पट्टीत, म्हणून आधी सगळे आकडे आणि मागून सगळे विषय. पाचव्या विषयाखाली गच्चीच्या गळतीचे तीन पोटविषय होते, तेही त्याच रांगेत घुसले. सभेत अध्यक्ष "विषय क्रमांक पाच" म्हणाले की बाकीचे कागदात बघतात, हे गृहस्थ मनात मोजत बसतात.

पीडीएफमध्ये दिसणाऱ्या मजकुरामागे टॅग नावाच्या खुणा ठेवता येतात. अख्ख्या यादीला एल, प्रत्येक बाबीला एलआय, बाबीतल्या आकड्याला एलबीएल आणि मजकुराला एलबॉडी. पोटविषयांची यादी मुख्य बाबीच्या पोटात बसते. खुणा असल्या की एनव्हीडीए आधीच सांगतो, "लिस्ट विथ सेव्हन आयटम्स". कीबोर्डवर एल दाबलं की थेट यादी, आय दाबलं की पुढची बाब. रेडिओवर आम्हीही "मुद्दे तीन" असं आधी सांगून टाकतो. ऐकणाऱ्यापुढे पान नसतं ना!

यासाठी सेक्रेटरींना कुठला कोर्स करावा लागत नाही. आकडे हाताने टाइप करून स्पेसबार बडवण्याऐवजी वर्डमधलं नंबरिंगचं बटण दाबायचं, पोटविषयाला टॅब. खरं तर वर्ड बिचारा आपणहून यादी करू पाहतो, आपणच कंट्रोल झेड दाबून ती मोडतो. मग पीडीएफ प्रिंटमधून न काढता 'सेव्ह ॲज'मधून काढायची आणि ऑप्शन्समध्ये 'डॉक्युमेंट स्ट्रक्चर टॅग्ज फॉर ॲक्सेसिबिलिटी' यापुढे टिक आहे ना, ते बघायचं. लिब्रेऑफिसमध्ये त्याला 'टॅग्ड पीडीएफ' म्हणतात.

मराठीत आणखी दोन दुखणी आहेत. एक, युनिकोडपूर्वीचे जुने फॉन्ट. डोळ्यांना चोख मराठी, पण आत रोमन अक्षरं आणि चिन्हं, त्यामुळे कानावर निव्वळ गोंधळ पडतो. तिथे यादीच्या खुणा करूनही उपयोग नाही. दुसरं, आपलं सही-शिक्क्याचं प्रेम. छान टाइप केलेली सूचना छापायची, शिक्का मारायचा, मोबाइलवर फोटो काढून त्याची पीडीएफ करायची. स्क्रीन रीडरच्या लेखी ते पान कोरं. शिक्का हवाच असेल तर टाइप केलेली मूळ फाइलही सोबत पाठवावी.

सर्वांना वाचता येईल अशा पीडीएफचं आंतरराष्ट्रीय मानक, पीडीएफ/यूए, २०१२ साली आलं. आपल्याकडे दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा. ३० एप्रिल २०२५ रोजी तर सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा राज्यघटनेच्या २१व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला. मरोळच्या एमआयडीसीतल्या ऑफिसांतून रोज किती परिपत्रकं, किती पगारपत्रकं पीडीएफ होऊन निघत असतील!

आमच्या कमिटीने यंदा मूळ फाइलही पाठवली. सातही विषय नीट मोजून ऐकू आले. थकबाकीदारांची यादी मात्र अजून फोटोच आहे. ती टाइप करायला कमिटीत कोणी पुढे येईना. दोघांची नावं तिच्यातच आहेत.