देवावर श्रद्धा ठेवून समुपदेशकाकडे जाता येते

(पासली, जि. पुणे येथील भात उत्पादक शेतकरी मेळाव्यात एका निवृत्त कृषी पर्यवेक्षकांनी केलेले भाषण)



करपा आणि खोडकिडीबद्दल सकाळपासून तज्ज्ञांनी आपल्याला सांगितलेच आहे. नोकरीत असताना मीही तेच सांगत फिरलो. आज मात्र मी माझ्या स्वतःच्या दुखण्याबद्दल बोलणार आहे.

माझी पत्नी वारली, त्यानंतर सहा महिने मला धड झोप नव्हती. पहाटे तीनला जाग यायची ती यायचीच. जेवण नको, माणसे नकोत. ऐन पावसात खाचराचा बांध फुटला, पाणी डोळ्यांदेखत वाहून गेले, तरी मी ओट्यावरून उठलो नाही. भजनी मंडळात मी पखवाज वाजवीत असे. तो कोपऱ्यात धूळ खात पडला. मनात एकच घोळत राही, की तिचे दुखणे मी वेळेवर ओळखले नाही आणि देव मला त्याची शिक्षा देत आहे.

घरच्यांनी मला देवऋष्याकडे नेले. त्यांना मी दोष देत नाही, आपल्याकडे पहिली पायरी बहुधा तीच असते. त्याने तांदूळ पाहिले आणि भावकीतल्या एकाने करणी केल्याचे सांगितले. कोंबडा, नारळ, पैसे गेले ते गेले. पण ज्या चुलतभावाचे नाव निघाले, त्याच्याशी दोन वर्षे बोलणे बंद झाले. त्याच्याच घराशी आमची लावणीची सावड होती, तीही मोडली. झोप आली नाही ती नाहीच.

शेवटी सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पुण्याला जायला सांगितले. मला दोन गोष्टींची भीती होती. एक, गावात वेडा म्हणून नाव पडेल. दुसरी, तिथे देवधर्म सोडायला लावतील, गळ्यातली माळ काढा म्हणतील. यातले काहीच झाले नाही.

पहिल्या भेटीत काय होते ते नीट सांगतो, कारण न जाण्याचे निम्मे कारण तेच असते. साधी खोली, दोन खुर्च्या. समुपदेशक मॅडम माझ्या मुलीपेक्षाही लहान. त्यांनी आधी सांगितले, की इथले बोलणे बाहेर जाणार नाही. मात्र तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका दिसला तर मदतीसाठी कोणाला तरी कळवावे लागेल. मग झोप, भूक, कामधंदा, कर्ज, दारू, घरची माणसे यांची चौकशी झाली. आपण खत सुचवण्याआधी माती तपासतो, तसाच हा प्रकार. नंतर त्यांनी सरळ विचारले, ‘काका, जीव द्यावा असे मनात येते का?’ मी दचकलो. असे विचारल्याने तो विचार माणसाच्या डोक्यात शिरत नाही, हे मला तिथे समजले. उलट, कोणीतरी विचारले म्हणून मला हो म्हणता आले. मी रडलो. घरी येताना एस.टी.त हलके वाटण्याऐवजी जास्तच जड वाटले. पहिल्या भेटीनंतर तसे होऊ शकते, म्हणून दुसरी भेट चुकवू नये.

देवाच्या शिक्षेची गोष्ट मी तिसऱ्या भेटीत काढली. देव आहे की नाही यावर मॅडमनी वाद घातला नाही. एवढेच विचारले, ‘तुमच्या मंडळातल्या एखाद्याची बायको अशीच गेली असती, तर देवाने तुला शिक्षा दिली असे तुम्ही त्याला सांगितले असते का?’ तिथे मला उत्तर देता आले नाही. चार दिवसांनी गोठ्यात शेण काढताना ते सापडले. मग त्यांनी घरचा अभ्यास दिला, तोही पखवाजाचा. वाजवायचा नाही. एकादशीला फक्त कणीक भिजवून धुमेला लावायची आणि मंडळात अर्धा तास बसायचे. मला हसू आले, पण केले. तिसऱ्या एकादशीला हात आपोआप पखवाजावर पडला.

ही मॅडमच्या मनची युक्ती नव्हती. मन खचले की माणूस आवडीची कामे सोडतो आणि ती सोडल्याने आणखी खचतो. म्हणून ती थोडी थोडी पुन्हा सुरू करायची, अशी ही रीत आहे. गोव्यातील १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या सुमारे ५०० रुग्णांवर ती तपासून पाहण्यात आली. समुपदेशक डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेली साधी माणसे होती. भेटी सहा ते आठ, प्रत्येक अर्ध्या-पाऊण तासाची. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते. ज्यांना ते मिळाले नाही त्यांच्यात ३९ टक्के. आपल्या अमरावती जिल्ह्यातही ३० गावांत असे काम झाले. तिथे उपचारांपर्यंत पोहोचणारे नैराश्यग्रस्त शंभरात चार होते, ते दीड वर्षात सत्तावीस झाले. हे दोन्ही अभ्यास २०१७ पर्यंत प्रसिद्ध झाले आहेत.

औषधाची गरज वाटल्यास मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवतात. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात. आठ दिवसांत फरक नाही म्हणून, किंवा बरे वाटले म्हणून, त्या परस्पर बंद करू नयेत.

आता श्रद्धेविषयी. मेंगाईला नवस बोला, वारीला जा, हरिपाठ म्हणा. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानेही वारी, भजन, कीर्तन यांना हात लावलेला नाही. कीर्तनकार महाराज, पाद्री किंवा मौलवी यांच्यापाशी मन मोकळे करण्यातही गैर नाही. पण सल्ला देणारा कोणीही असो, ‘गोळ्या बंद कर, श्रद्धा कमी पडते’ असे म्हणाला, कोणाच्या करणीचे नाव घेतले किंवा मारझोड केली, तर तिथून उठावे. समुपदेशकाने तुमच्या देवाची टिंगल केली तर त्यालाही सोडून दुसरा पाहावा. तेवढा हक्क आपल्याला आहे. तमिळनाडूतील एरवाडीला दर्ग्याच्या आसऱ्याने चालणाऱ्या एका खासगी निवाऱ्यात ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली. तिथले मनोरुग्ण साखळ्यांनी बांधलेले असल्याने त्यांना पळता आले नाही आणि पंचवीसहून अधिक जण मृत्युमुखी पडले. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मनोरुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई केली आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असेच हा कायदा धरून चालतो, म्हणून अशा माणसाला पोलिसांच्या भीतीने घरात लपवून ठेवू नका, तातडीने दवाखान्यात न्या.

एक काम मात्र आज घरी गेल्यावर करा. घरात कोणी खचलेले दिसत असेल, तर कीटकनाशकाचे डबे आणि तणनाशक कुलपात ठेवा, किल्ली दुसऱ्याकडे द्या. नाहीतर डबेच शेजाऱ्याकडे नेऊन ठेवा. तो कठीण तास टळला तर माणूस पुष्कळदा वाचतो. अशा माणसाला एकटे सोडू नये.

१४४१६ हा टेलिमानस सेवेचा क्रमांक लिहून घ्या. ही सरकारी सेवा २०२२ साली सुरू झाली. ती मोफत आहे, रात्रंदिवस चालते आणि मराठीत बोलता येते. रेंज नसेल तर आशाताईंना गाठा. मानसोपचाराचे डॉक्टर जवळच्या सरकारी रुग्णालयात कोणत्या दिवशी येतात ते त्या विचारून सांगतील. पुण्यात ससून रुग्णालयात याचा स्वतंत्र विभाग आहे.

चुलतभावाकडे मी गेल्या वर्षी स्वतः गेलो. काय बोलावे ते सुचेना, म्हणून रोपे पुरतील का एवढेच विचारले. यंदा त्याची आवणी आम्ही आधी उरकली, मग आमची. तो इथे मागे बसला आहे.

कोणाला एकट्याने काही बोलायचे असेल, तर मी संध्याकाळच्या एस.टी.पर्यंत शाळेच्या व्हरांड्यात आहे.