मंगळवेढ्यातील वैशाखाचा एक आठवडा
(दुष्काळनिवारण मंडळाच्या सभेतील भाषण)



मंडळाचा जमाखर्च अहवालात स्वतंत्र दिलेला आहे. येथे आम्ही वैशाखातील केवळ एका आठवड्याचे वर्तमान निवेदन करितो. कारण आपले साहाय्य कोठवर पुरले पाहिजे, हे त्यावरून ध्यानी येईल.

भीमा व माण या नद्यांमधील मंगळवेढ्याचा मुलूख ज्वारीचे कोठार म्हणून ख्यात आहे. त्या आठवड्याचे पहिले दोन दिवस आकाश निरभ्र होते. दुपारी पारा ४० अंशांवर चढे, दहा वाजल्यापुढे पेठ ओस पडे आणि काळ्या रानात हात जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. तिसऱ्या दिवशी बाजारात बैल विकणारे पुष्कळ, घेणारे थोडे. चौथा व पाचवा दिवस दक्षिणेकडील गावांनी टँकरची वाट पाहण्यात काढला. सहाव्या दिवशी सायंकाळी वावटळ उठली, घरांवरील पत्रे उडाले आणि अर्धी घटका वळीव कोसळला. सातव्या दिवशी पुन्हा तेच ऊन.

पाऊस झाल्याचे ऐकून कित्येक हितचिंतकांनी, आता मदतीचे कारण उरले नाही, असे आम्हांस कळविले. हा समज दूर करणे आमचे कर्तव्य आहे. वळवाचे पाणी तापल्या भेगांत जिरते. विहिरीस पाझर फुटत नाही. शिवाय या भागाचे मुख्य पीक रब्बीची ज्वारी होय. तिचा पेरा सप्टेंबर-ऑक्टोबरात, काढणी माघ-फाल्गुनात. गेला हंगाम बुडाला म्हणजे नवा दाणा व नवा कडबा पुढील फाल्गुनाखेरीज घरी येत नाही. मृगाचा पाऊस वेळेवर झाला तरी गवत वाढेपर्यंत गोठा रिकामाच.

एका बैलास दिवसास सुमारे ६ किलो कोरडी वैरण धरली, तर एका जोडीस महिन्यास ३६० किलो लागते. ज्यास ट्रॅक्टरचे भाडे परवडत नाही, त्याने वैशाखात जोडी विकली तर हस्ताच्या पावसावर पेरावे कशाने? अशा रीतीने एका वर्षाचा दुष्काळ दोन वर्षांचा होतो.

१९७२ च्या दुष्काळात रस्ते, बंधारे व खडी फोडण्याच्या कामांनी लक्षावधी हातांस मजुरी मिळाली आणि त्या अनुभवातून पुढे १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला. परंतु मजुराचे नाव हजेरीपटावर चढते, बैलाचे चढत नाही. त्याची काळजी आपणच वाहिली पाहिजे.

म्हणून व्यापारी बंधूंस विनंती की, त्यांनी कडबा खरेदीच्या भावात केवळ वाहतूकखर्च घालून द्यावा. ज्या जमीनदारांच्या विहिरीस पाणी आहे, त्यांनी बांधावर एक हौद गावच्या जनावरांस मोकळा ठेवावा. दात्यांनी एकरकमी देणगी देऊन न थांबता एका जोडीचा भार भाद्रपद अखेरपर्यंत पत्करावा.

पंधराव्या शतकात, बिदरच्या बादशाहीत, याच मंगळवेढ्यात दामाजीपंतांनी सरकारी कोठारे भुकेल्यांस खुली केली, असे परंपरा सांगते. त्यांनी धन्याचे धान्य दिले आणि शिरावर संकट घेतले. आपणांस तर स्वतःचेच कोठार उघडावयाचे आहे; त्यास कोणाची आज्ञा नको. वळीव पाहून हात आखडू नये, एवढीच आपल्या चरणी प्रार्थना करून आम्ही भाषण पुरे करितो.