गर्दीचा गळा



संमेलनाच्या अध्यक्षाने आभार मानावेत, चार गोड शब्द बोलावेत आणि शाल सावरत खाली बसावे अशी रीत आहे. आज ती मोडतो, कारण मला भांडण मांडायचे आहे. महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनातून लोकांचे गाणे काढून घेतले गेले आहे, आणि ते काढून घेणाऱ्यांत सरकार आहे, उत्सवमंडळे आहेत आणि आपण लिहिणारेही आहोत. गर्दी कमी झालेली नाही आणि आवाज तर अतोनात वाढला आहे. पण पंधरा ऑगस्टला, एक मे रोजी, विसर्जनाच्या किंवा जयंतीच्या मिरवणुकीत जो आवाज उठतो तो लोकांचा नसतो, ट्रकवर रचलेल्या खोक्यांचा असतो. लोक त्याच्यापुढे नाचतात, मोबाइल वर धरतात आणि घसा न बसता घरी जातात. शेजारच्याचा सूर ऐकून आपला सूर वरखाली करणे, दम कुठे घ्यायचा हे कोणी न सांगता सगळ्यांनी एकदम ठरवणे, चुकलेल्याला सांभाळून पुढे नेणे, हे घडते तेव्हा मी त्याला समूहगान म्हणतो. त्यासाठी पहिली अट अगदी साधी आहे: गाणाऱ्याला स्वतःचा आणि शेजाऱ्याचा आवाज ऐकू आला पाहिजे. ती आज आपल्या बहुतेक उत्सवांत पाळली जात नाही.

गर्दी गाऊ शकते का, असा प्रश्न निदान मराठी माणसाने तरी विचारू नये. आषाढी वारीकडे आपण भक्तीचा सोहळा म्हणून पाहतो, छायाचित्रे काढतो, अग्रलेख लिहितो. पण एवढा मोठा समुदाय गात कसा चालतो याची व्यवस्था फार थोडे लोक नीट पाहतात. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्याला आजची शिस्त हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात लावली. रथापुढे सत्तावीस दिंड्या, रथामागे त्याहून कितीतरी जास्त. प्रत्येकीला क्रमांक, प्रत्येकीत विणेकरी, मृदंगी आणि ओळीने चालणारे टाळकरी. कोणत्या वेळी कोणते अभंग घ्यायचे याचा क्रम परंपरेने ठरलेला. म्हणजे हजारोंच्या गर्दीचे तुकडे पाडून प्रत्येक तुकडा असा ठेवलेला आहे, की त्यातल्या माणसांना एकमेकांचे गाणे ऐकू यावे. मुक्कामाला संध्याकाळी समाज आरती असते. सगळ्या दिंड्या टाळ-मृदंगांच्या गजरात तळावर जमतात, चोपदार दंड उंचावतो आणि एवढा मोठा जमाव क्षणात गप्प होतो. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती गप्प होत नाही, टाळ वाजवतच राहते. मग चोपदार तिच्याकडे जातो, तक्रार काय आहे ते विचारतो, आणि तिची दखल घेतल्यावरच आरती पुढे सरकते. ही रीत मला आपल्या सगळ्या सभाशास्त्रापेक्षा पुढची वाटते. इथे गप्प बसण्याची आज्ञा आहे, आणि ती न पाळण्याचा हक्कही त्याच व्यवस्थेने दिलेला आहे. आपल्या किती राष्ट्रीय समारंभांत टाळ वाजवत राहणाऱ्याकडे कोणी असे चालत जाते? बहुधा त्याला पोलीस बाहेर नेतात.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो हलका नाही. गाणारा जमाव विचार करत नाही, एका सुरात गाणारी माणसे एका सुरात दगडही उचलतात, असे सांगितले जाते. जर्मनीच्या मेळाव्यांचे उदाहरण त्यासाठी तयारच असते. मी इतक्या लांब जात नाही, पुण्यातलेच घेतो. १८९३-९४ मध्ये गणेशोत्सव सार्वजनिक झाला आणि त्याच्याबरोबर मेळे आले. पोरांचे ताफे एकसारखे कपडे करून, लेझीम खेळत, पदे म्हणत रस्त्याने निघू लागले. त्यांतली बरीच पदे मुसलमान शेजाऱ्यांना टोचणारी होती, ताबुतांपासून हिंदूंना दूर राहायला सांगणारी होती. आणि १८९४ मध्ये दारूवाला पुलाजवळ मशिदीपुढच्या वाद्यांवरून दंगा झाला. हे आपल्या राष्ट्रीय जागृतीच्या इतिहासात तळटीपेतसुद्धा येत नाही, ते यायला हवे. पण यातून निष्कर्ष काय काढायचा? गाण्याने शेजारी तोडला म्हणून गाणेच सोडायचे असेल, तर वर्तमानपत्र आणि व्याख्यान तर आधीच सोडावे लागेल, कारण त्या काळची चिथावणी त्यांतूनही तितकीच झाली. शिवाय मेळ्याचे हत्यार एकाच हाती राहिले नाही. सत्यशोधकांनी जलसे उभे केले आणि भटशाहीवर गावोगाव हल्ला चढवला. १९३०च्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांच्या सोबत्यांच्या आंबेडकरी जलशांनी, ज्यांना अक्षर वाचता येत नव्हते त्यांच्यापर्यंत चळवळ नेली. अमर शेख, अण्णा भाऊ साठे आणि गव्हाणकर यांनी १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक काढले, आणि पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात याच शाहिरांच्या मागे मैदाने गाऊ लागली. एका गाण्याला उत्तर म्हणून दुसरे गाणे उभे राहिले. जमाव आंधळा असता तर त्याने आपले गाणे स्वतः निवडले नसते. खरा आंधळा जमाव तो, ज्याला निवडायला काही ठेवलेले नाही आणि ज्याच्या वतीने कोणीतरी बटण दाबतो.

काही जण म्हणतील, वारी श्रद्धेच्या बळावर गाते. राष्ट्र कशाच्या बळावर गाणार? उत्तर विदर्भात आहे. तुकडोजी महाराजांनी खंजिरी हातात घेतली आणि गावोगाव सामुदायिक प्रार्थना सुरू केली. ठरलेली वेळ, रांगेने बसलेली सर्व जातींची माणसे, आणि सगळ्यांनी मिळून म्हणायचे शब्द. ही प्रार्थना त्यांना इतकी महत्त्वाची वाटली की ग्रामगीतेत तिच्यावर स्वतंत्र अध्याय आहे, आणि तो ग्रंथ गावाची सफाई, शिक्षण, उद्योग यांविषयी बोलणारा आहे हे लक्षात ठेवा. १९४२ मध्ये चिमूर आणि आष्टी पेटली तेव्हा इंग्रज सरकारने या खंजिरीवाल्याला तुरुंगात टाकले. सरकारला त्या गाण्यातली ताकद कळली होती, ती आपल्याला कळत नाही. १९३०च्या दांडी यात्रेत पंडित नारायण मोरेश्वर खरे हे मराठी गवई गांधीजींबरोबर चालले. पलुसकरांचे हे शिष्य साबरमती आश्रमात रोजची प्रार्थना गाऊन घेत आणि आश्रमाची भजनावली त्यांनीच जुळवली. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने तेच काम देवाचे नाव बाजूला ठेवून केले. देशाबाहेरचा एकच दाखला देतो. एस्टोनियात पहिला गीतमहोत्सव १८६९ मध्ये तार्तू गावी झाला, गावोगावची गायनमंडळे वर्षानुवर्षे सराव करत राहिली, आणि १९८८ मध्ये सोव्हिएत सत्तेपुढे त्या छोट्या देशाने ताल्लिनच्या मैदानात गाणे हेच आपले शस्त्र केले. सराव आधी होता, क्रांती नंतर आली. आपल्याला मात्र सराव नको असतो, थेट रोमांच हवा असतो.

आता सरकारकडे वळतो. राष्ट्रगीताविषयी केंद्रीय गृहमंत्रालयाचे आदेश मुळातून वाचा. ध्वज फडकवल्यावर आणि सार्वजनिक समारंभांत राष्ट्रगीत उपस्थितांनी सामूहिकपणे म्हणावे, त्यासाठी पुरेशा संख्येचा गायकवृंद योग्य जागी बसवावा, आणि मैदानाच्या वेगवेगळ्या भागांतल्या लोकांना त्याच्या सुरात सूर मिळवता येईल अशी सोय करावी, असे त्यांत आहे. किती जिल्ह्यांच्या मुख्यालयांत असा गायकवृंद आहे? ध्वनिफीत लावली जाते, बावन्न सेकंद ओठ हलतात किंवा हलतही नाहीत, आणि नंतर साखर वाटली जाते. या दुखण्याचे मूळ जुने आहे. १९४८ मध्ये संविधान सभेत पंडित नेहरूंनी राष्ट्रगीताची बाजू मांडली तेव्हा भर चालीवर होता, ती वाद्यवृंदावर आणि परदेशात कशी वाजते यावर होता. आपले मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर ‘वंदे मातरम्’साठी झटले, तेही अखेर बँडवर वाजेल अशी चाल बांधूनच. दोन्ही बाजूंनी हे गृहीत धरले की राष्ट्रगीत ही वाजवायची वस्तू आहे. त्या घडीला नव्या राष्ट्राला परदेशी दरबारांत शोभायचे होते, ते मी समजू शकतो. पण पाऊणशे वर्षे झाली, अजून शोभायचेच आहे का?

ध्वनिफीत कमी पडली तेव्हा सक्ती आली. ३० नोव्हेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटगृहांत राष्ट्रगीत अनिवार्य केले, आणि ९ जानेवारी २०१८ रोजी त्याच न्यायालयाने मागे येऊन ते ऐच्छिक ठरवले. मधल्या काळात कोण उभे राहिले आणि कोण बसले यावरून हाणामाऱ्या झाल्या. कोण किती गायले हे मात्र कोणीच विचारले नाही. याच न्यायालयाने १९८६ मध्ये केरळातील तीन विद्यार्थ्यांच्या खटल्यात अधिक शहाणपण दाखवले होते. ती मुले राष्ट्रगीताला आदराने उभी राहत, पण धर्मश्रद्धेमुळे गात नसत. त्यांना शाळेतून काढले होते. न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावले आणि गायलेच पाहिजे असा कायदा नाही हे स्पष्ट केले. देशभक्त मित्र मला विचारतील, सक्ती नको म्हणता, मग गाणार कोण? ज्यांना गाणे शिकवले आहे ते गातील. न गाणाऱ्याला जागा ठेवली की गाणाऱ्याच्या गाण्याला किंमत येते, हे समाज आरतीच्या चोपदाराला न्यायालयाच्या खूप आधी उमगले होते. महाराष्ट्राने २०२३ मध्ये राजा बढे यांचे, श्रीनिवास खळे यांनी चाल दिलेले आणि शाहीर साबळे यांनी गायलेले गीत राज्यगीत केले. निवड उत्तम आहे. पण ते शाहिरी गाणे आहे, पाठीमागे झील धरणारे हवेत, आणि आपण शाहिरांची फीत लावून सावधान उभे राहतो. गाण्याचा असा सन्मान करणे म्हणजे त्याचा गळा आवळणेच आहे.

आता सर्वांत कडवा आक्षेप. डीजेविरुद्ध बोलतो तो वरच्या थरातला, शांतता हवी असलेला, गरीब पोराच्या वर्षातल्या एका दिवसावर डोळा ठेवणारा, असे म्हटले जाते. या आक्षेपात तथ्य आहे. बंगल्यातल्या लग्नाचा आवाज ज्यांना खुपत नाही त्यांना वस्तीतल्या जयंतीचा खुपतो. माझे भांडण डेसिबलचे नाहीच. २००० सालच्या नियमांनी निवासी भागात दिवसा पंचावन्नची मर्यादा घातली, वर्षातले काही दिवस रात्री बारापर्यंत सवलत द्यायची मुभा राज्यांना दिली. ते पोलिसांनी पाहावे. माझा प्रश्न त्या पोराच्या बाजूने आहे. ज्या वस्त्यांनी जलसे दिले, वामनदादा कर्डकांना दिले, भीमगीतांची एवढी मोठी परंपरा दिली, त्या वस्त्यांतल्या पोराच्या वाट्याला आज भाड्याची खोकी का यावीत? भाडे कोण भरतो? खोक्यांवर ज्याचा हसरा फलक आहे तो. त्याला गाणारी वस्ती परवडत नाही, कारण गाणाऱ्या वस्तीला शब्द लागतात, आणि शब्द आले की पाण्याचे, नोकरीचे, घराच्या पट्ट्याचे शब्दही येतात. नाचणाऱ्याला एवढे काही लागत नाही. ढोल-ताशा पथकांचे मी कौतुक करतो, महिनोन्‌महिने पोरेपोरी सराव करतात. पण तिथेही तोंड बंदच आहे.

शेवटी आपला, लिहिणाऱ्यांचा हिशोब. गेल्या अर्धशतकात मराठी कवितेने पुष्कळ मिळवले, पण ध्रुवपदाला हलके मानले. जे दहा जणांना एकत्र म्हणता येते ते बाळबोध, असा आपला समज झाला. महात्मा फुल्यांना तसे वाटले नव्हते. त्यांनी वधूवरांनी एकमेकांना उद्देशून म्हणायची मंगलाष्टके लिहिली, कारण लग्न ज्यांचे त्यांच्या तोंडी शब्द हवेत. आपल्या संमेलनांत मात्र स्वागतगीत मंचावरचे पाच जण गातात आणि मंडप टाळ्या वाजवतो. म्हणून माझी मागणी आहे, आणि ती खुल्या अधिवेशनात ठराव म्हणून यावी: येत्या एक मे रोजी या परिसरातल्या शाळांच्या आणि ग्रामपंचायतींच्या ध्वजवंदनाला राज्यगीताची फीत लागू नये. एक डफ, एक तुणतुणे, पुढे म्हणणारा एक आणि झील धरणारे चौघे एवढे पुरे. त्यासाठी मार्चपासून दर शनिवारी सराव लागेल, आणि तो घेण्याची जबाबदारी इथे बसलेल्या शिक्षकांनी आणि कवींनी नावनिशीवार घ्यावी. नावे लिहून घ्यायला वही व्यासपीठाच्या डावीकडे ठेवली आहे.