रक्त, बिंबाणू आणि एक वंशावळ
(वार्षिक ज्ञातिसंमेलनात केलेले भाषण)



चिटणीसांनी आरोग्यविषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा मी प्रथम नकारच दिला. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मास्तर. सारा जन्म भूमिती आणि मराठी शिकविण्यात गेला. पण एका विषयाने गेली काही वर्षे माझी पाठ सोडलेली नाही. त्याचे कारण ओघाने येईलच.

विळीवर बोट कापते, रक्त वाहते आणि थोड्या वेळाने थांबते. हे थांबणे आपण गृहीत धरतो. रक्तात तांबड्या आणि पांढऱ्या पेशींखेरीज अतिसूक्ष्म चकत्या असतात. डॉक्टर त्यांस प्लेटलेट म्हणतात. आपल्या शास्त्रीय ग्रंथांत बिंबाणू हे नाव आहे. एका घनमिलिमीटर रक्तात त्या सुमारे दीड ते साडेचार लाख असतात. इटलीतील तुरीन येथील बिझोझेरो या संशोधकाने १८८२ साली दाखवून दिले, की रक्तवाहिनीस इजा होताच प्रथम हे बिंबाणू तेथे चिकटून बूच बसवितात. मागाहून रक्तद्रवातील तंतूंचे जाळे ते बूच पक्के करते.

आता मुख्य कथा. फिनलंड व स्वीडन यांच्यामधील समुद्रात ओलंड नावाची बेटे आहेत. तेथील पाच वर्षांची एक मुलगी १९२४ साली हेलसिंकी येथे डॉक्टर एरिक फॉन विलेब्रँड यांच्याकडे आणण्यात आली. तिसऱ्या वर्षी ओठाच्या जखमेतून रक्त वाहून ती मरता मरता वाचली होती. तिच्या काही बहिणी रक्तस्रावानेच बालपणी दगावल्या होत्या. डॉक्टरांनी केवळ त्या मुलीला तपासले नाही. तिच्या कुळाची वंशावळ मांडली. सहासष्ट जणांची माहिती जमली, त्यांत तेवीस जणांना हा विकार आढळला. हिमोफिलिया प्रामुख्याने पुरुषांत प्रकट होतो, हे तेव्हा ठाऊक होते. येथे तर स्त्रियाच अधिक होत्या! शिवाय मुलीच्या आईकडे आणि वडिलांकडे, दोन्ही घरांत रक्तस्रावाचा इतिहास होता.

चमत्कार असा, की या रुग्णांच्या रक्तात बिंबाणू पुरेसे होते. रक्त बाहेर काढून ठेवले तर वेळेवर गोठतही असे. पण कातडीला टोचले की वाहणे लवकर थांबत नसे. तेव्हा दोष बिंबाणूंच्या कार्यात किंवा रक्तवाहिन्यांच्या भिंतींत असावा, असे अनुमान त्यांनी १९२६ च्या निबंधात मांडले. ती मुलगी तेराव्या वर्षी मासिक पाळीच्या रक्तस्रावाने वारली.

विलेब्रँड १९४९ साली निवर्तले. पुढे १९५७ साली इंगा मारी निल्सन आणि मार्गारेटा ब्लोम्बेक या स्वीडिश विदुषी सहकाऱ्यांसह त्याच बेटांवर गेल्या. उणीव रक्तद्रवातील एका पदार्थाची आहे, हे त्यांच्या संशोधनातून उलगडले. त्या पदार्थास आज विलेब्रँड यांचेच नाव आहे. तो खळीसारखा बिंबाणूंना फाटलेल्या भिंतीशी चिकटवितो. कागद भरपूर असले तरी खळीवाचून पतंग होत नाही, तसेच हे. विकार बहुधा सौम्य असतो व एका पालकाकडूनही येतो. दोघांकडूनही दोष आला, तर तो उग्र रूप धरू शकतो. नात्यात लग्न झाल्यास तसे होण्याचा संभव वाढतो. मामाची मुलगी करण्याची चाल आपल्याकडे आहे. माझे स्वतःचे लग्नही तसेच झाले, म्हणून टीका करण्याचा अधिकार मला नाही.

आता कारण सांगतो. माझी धाकटी बहीण बारा वर्षांची असताना तिच्या अंगावरून आठ-आठ, दहा-दहा दिवस जात असे. हिरड्यांतून रक्त येई, अंगावर काळेनिळे डाग उठत. घरात कुजबुज होई. पण डॉक्टरकडे नेले नाही. लोकांत बभ्रा झाला तर उद्या मुलीला कोण करील, ही चिंता. मी तेव्हा नोकरीला लागलो होतो, चार पैसे माझ्याही हाती होते. मीही गप्प बसलो. ती पंधराव्या वर्षी गेली. तिला हाच विकार होता असे मी म्हणत नाही. तपासणीच झाली नाही, तर कशाच्या आधारे म्हणावे? आज रक्ताची तपासणी होते, औषधे आहेत, आणि दात काढण्यापूर्वी किंवा बाळंतपणापूर्वी डॉक्टरांस कल्पना दिली तर पुष्कळ अनर्थ टळतो.

आपल्या वधूवर नोंदणीच्या अर्जात गोत्र, नाडी, उंची, वर्ण यांचे रकाने आहेत. या विकाराचा रकाना घाला, असे मी सुचवीत नाही. घातला तर लपवालपवी अधिकच वाढेल. मात्र घरातल्या घरात आईने लेकीला आणि सासूने सुनेला विचारावे, एवढी विनंती आहे.

मंडळाने ज्ञातीतील घराण्यांच्या वंशावळी छापण्याचे ठरविले आहे. आमच्या घराची मीच लिहून दिली. बहिणीच्या नावापुढे ‘बालपणी निवर्तली’ असे लिहिले होते. काल मुद्रिते तपासताना ते खोडून ‘रक्तस्रावाने, वय पंधरा’ असे घातले आहे. चिटणीसांनी ते तसेच ठेवावे.