भंगारांतलें पोलाद ओळखावें कसें?

मोटारीच्या कमानीचा मोडका पाटा जुन्या बाजारांत मिळाला, कीं नवशिका लोहार त्याची छिनी करावयास बसतो. पाटा बहुधा पोलादाचाच असतो. पण भंगारवाल्याच्या शपथेवर विसंबूं नये. बोटभर तुकडा भट्टींत तापवावा. सुमारें ७७० अंश सेंटिग्रेडला लोहचुंबक त्यास धरीनासा होतो. त्याहून किंचित् अधिक तापतांच पाण्यांत बुडवून कानस लावावी. ती घसरली, तर कार्बन पुरेसा आहे. चालली, तर मऊ लोखंड समजून त्याच्या कड्या कराव्या. कडक झालेल्या तुकड्यावर तसाच घण मात्र घालूं नये. तो कांचेसारखा फुटून कपची डोळ्यांत उडते. आणि जस्ताचा मुलामा असलेला नळ भट्टींत नकोच. त्या पांढऱ्या धुरानें हुडहुडी भरून ताप येतो.