वादळानंतरचा शेजार

(ज्ञातिसभेच्या वार्षिक संमेलनात एका निवृत्त शिक्षकांनी केलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने मला येथे चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा मी प्रथम नकारच दिला होता. मी जुन्या अकरावीची मॅट्रिक झालेला प्राथमिक शिक्षक. माझे आयुष्य मुलांकडून बाराखडी गिरवून घेण्यात आणि पाढे म्हणवून घेण्यात गेले. अशा माणसाने विद्वानांच्या व्यासपीठावर उभे राहून काय बोलावे? परंतु चिटणीस म्हणाले, "गुरुजी, वादळाच्या वेळची हकीकत सांगा. मुंबई-पुण्याच्या मंडळींना ती नीटशी ठाऊक नाही." ती हकीकत माझ्यापाशी आहे, आणि तिच्यात माझ्या हातून घडलेली एक चूकही आहे. ती आपणापुढे मांडावी आणि तिच्या आधारे सभेस एक विनंती करावी, एवढ्याच हेतूने मी उभा राहिलो आहे.

बुधवार, ३ जून २०२०. त्या दिवशी दुपारी अरबी समुद्रातले चक्रीवादळ श्रीवर्धन तालुक्याच्या किनाऱ्यावर, दिवेआगरच्या आसपास जमिनीवर चढले. त्याला 'निसर्ग' हे नाव मिळाले होते. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता, असे हवामान खात्याने नोंदविले. पूर्वसूचना मिळाली होती, आणि कच्च्या घरांतील माणसे आदल्या दिवशीच हलविली होती. म्हणून जीव वाचले. परंतु काळ मोठा विचित्र होता. मार्चपासून टाळेबंदी चालू होती. मुंबईहून आलेले चाकरमानी शाळेत वेगळे ठेवलेले होते. त्याच शाळेत आता कच्च्या घरांतील लोक आणावयाचे होते. एकमेकांपासून सहा हात दूर राहा, असे ज्या माणसांना अडीच महिने बजावले, त्यांनाच एका छपराखाली बसविण्याची वेळ आली.

वादळाचे वर्णन मी फार करीत नाही. दुपारी चार तास कानांत दुसरा आवाज नव्हता. कौले पाखरांसारखी उडत होती. पोफळी धनुष्यासारख्या वाकत आणि मधोमध कडकन मोडत. माड मुळासकट कलथून पडत. संध्याकाळी वारा पडला आणि मी ओटीवर आलो. बंधूंनो, माझ्या ओटीवरून समुद्र कधीही दिसत नसे. घर आणि समुद्र यांच्यामध्ये तीन पिढ्यांची वाडी उभी होती. त्या संध्याकाळी समुद्र दिसला. घरातली लहान नात टाळ्या वाजवून म्हणाली, "आबा, समुद्र!" मला मात्र खाली बसावे लागले.

ज्यांनी नारळी-पोफळीची वाडी राखली नाही, त्यांच्यासाठी दोन वाक्ये सांगतो. आंब्याची फांदी मोडली तर दुसरी फुटते. माड आणि पोफळ यांना मात्र शेंड्याचा एकच कोंब असतो. तो गेला की झाड गेले. नवे रोप लावले तर फळ धरावयास सहा-सात वर्षे लागतात. शिवाय त्यांच्या सावलीत वाढणारी जायफळे, त्यांच्या अंगावर चढलेले मिरीचे वेल, हेही उघडे पडून करपतात. म्हणजे एका दुपारी जे गेले, ते एका हंगामाचे पीक नव्हते. पुढच्या दहा वर्षांचे उत्पन्न होते.

आमच्या आळीत तेवीस घरे. आपल्या ज्ञातीची नऊ, कुणब्यांची सहा, मुसलमानांची तीन, आणि आळीच्या टोकाला कातकऱ्यांच्या पाच झोपड्या. रस्ता झाडांनी बुजलेला, विजेचे खांब आडवे, फोन मुके. पहिले दोन दिवस बाहेरून कोणी येणे शक्यच नव्हते. त्या दोन दिवसांत जे काही झाले, ते या तेवीस घरांनी आपसांत केले. माझ्या घरावर फणस पडला होता आणि माजघरात माझी पत्नी तापाने निजून होती. कातकरीवाडीतला एक तरुण कुऱ्हाड घेऊन न बोलावता आला आणि त्याने अंधार पडण्यापूर्वी फणसाच्या फांद्या तोडून वाट मोकळी केली. समोरच्या घरातल्या चाचींनी ओल्या लाकडांवर फुंकर घालून भाताचे मोठे पातेले चढविले. "गुरुजी, आज तुमच्याकडे चूल पेटणार नाही, पोरांना इकडे पाठवा," असा निरोप आला. आमच्या घरची पोरे तिकडे जेवली.

तिसऱ्या दिवशी एक मुलगा मोटारसायकल ढकलीत, उचलीत माणगावच्या दिशेने निघाला. जिथे फोन लागेल तिथपर्यंत जाऊन निरोप द्यावयाचे, असे ठरले. मी शाळेची जुनी वही काढली आणि घरोघर जाऊन नंबर उतरवून घेतले. एकेचाळीस नंबर झाले. प्रत्येकापुढे एकच वाक्य होते : 'आम्ही सुखरूप आहोत.' त्याच वहीत पुढे मी घरागणिक नोंद ठेवू लागलो. कोणाचे छप्पर गेले, कोणाचे औषध संपले, कोणाकडे तान्हे मूल आहे. तेवीस घरांना तेवीस पाने. या वहीचा पुढे संबंध आहे, म्हणून सांगितले.

आता पाण्याची गोष्ट. वीज नाही म्हणजे नळ नाही, पंपही नाही. आमच्या परसातली विहीर आजोबांनी बांधलेली. पंप बसविल्यापासून तिची कप्पी काढून माळ्यावर टाकली होती. ती शोधून बसविली, दोर आणि पोहरा बांधला, आणि सगळी आळी त्या विहिरीवर येऊ लागली. शेजारच्या बौद्धवाडीतल्या बायकाही हंडे घेऊन आल्या. त्यांतली एक वृद्ध बाई हंडा खाली ठेवून जरा लांबच उभी राहिली.

सभाजनहो, ती का उभी राहिली हे मला कळले. आजोबांच्या काळी ती विहीर सर्वांना खुली नव्हती, हे मी आपणापासून लपवीत नाही. आमच्याच जिल्ह्यात, महाड येथे, २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी हाती घेतले. पुढे कायदे झाले, घरोघर नळ आले. मी वर्गात तो धडा वर्षानुवर्षे शिकविला. परंतु नळ आल्यामुळे माझ्या स्वतःच्या विहिरीपुढे तो प्रश्न कधी उभाच राहिला नाही. तो सुटलेला नव्हता, झाकला गेला होता. वादळाने झाकण उडविले.

मी काही बोलण्यापूर्वीच माझी पत्नी, जिचा ताप नुकताच उतरला होता, दोर त्या बाईच्या हाती देत म्हणाली, "मावशी, तुम्ही ओढा हो. मला दम लागतो." बस्स, एवढेच. त्यानंतर कोणी लांब उभे राहिले नाही. चाळीस वर्षे शिकवून मला जे साधले नव्हते, ते तिने एका वाक्यात केले.

असे असूनही पुढे चूक झाली, आणि ती माझ्याच हातून झाली.

आठव्या दिवशी रस्ता बराचसा मोकळा झाला आणि आपल्या ज्ञातीकडून बारा ताडपत्र्या आल्या. मुंबईकर बांधवांनी टाळेबंदीत, स्वतःचे पगार कापले जात असता, वर्गणी करून त्या पाठविल्या होत्या. त्यांचे ऋण मी जन्मभर विसरणार नाही. सोबत एक छापील यादी होती आणि वर शब्द होते : 'ज्ञातीतील आपद्ग्रस्त कुटुंबांसाठी'. मी मास्तर माणूस. छापील कागद म्हटला की त्यातले रकाने भरावेत, ही आयुष्यभराची सवय. मी आपल्या नऊ घरांना नऊ ताडपत्र्या दिल्या, तीन शेजारच्या गावातील आपल्या मंडळींकडे पाठविल्या, सह्या घेतल्या, आणि काम चोख झाले असे समजून घरी आलो.

त्याच संध्याकाळी पाऊस भरून आला. माझी ताडपत्री बांधावयाची होती. आणि वयपरत्वे मला छपरावर चढवेना. तेवढ्यात फणस तोडणारा तोच तरुण आला, वर चढला, आणि काथ्याच्या दोरीने ताडपत्री चारी बाजूंनी पक्की आवळून खाली उतरला. मी सहज विचारले, "तुझ्या घरावर काय घातले आहेस?" तो म्हणाला, "झाप टाकलंय, गुरुजी. गळतं थोडं." आणि तो भिजत निघून गेला. त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. असती तर मला बरे वाटले असते.

रात्रभर मी ताडपत्रीवर पडणारा पाऊस ऐकत बसलो. मग कंदील जवळ ओढून ती वही उघडली. आळीच्या टोकाच्या पाच घरांच्या पानांवर माझ्याच अक्षरात लिहिलेले होते : 'छप्पर पूर्ण गेले.' आपल्या नऊ घरांपैकी चारांपुढे लिहिले होते : 'दोन खोल्या कोरड्या.' माझ्यापाशी दोन याद्या होत्या. खरी यादी बाजूला ठेवून मी छापील यादीप्रमाणे वाटप केले होते.

सकाळी नऊही घरच्यांना बोलाविले आणि मनातले सांगितले. एका वडील गृहस्थांनी हरकत घेतली. ते म्हणाले, "हा पैसा ज्ञातीने ज्ञातीसाठी दिलेला. उद्या हिशेब विचारला तर काय सांगाल?" त्यांचे म्हणणे गैर नव्हते, सार्वजनिक पैशाची चाड असणारा माणूस असेच बोलेल. क्षणभर सगळे गप्प झाले. मग आळीतल्या सर्वांत वृद्ध काकू म्हणाल्या, "माझं माजघर कोरडं आहे. मी एकटी, मला केवढी जागा लागते? माझी ताडपत्री न्या, आणि हिशेबात माझं नाव घाला." त्यांच्यामागून आणखी तीन घरांनी दिल्या. पाचवी मी माझ्या घरावरची सोडविली आणि आम्ही धाकट्या भावाच्या घरात राहावयास गेलो. पाचही झोपड्या झाकल्या गेल्या. पुढे मुसलमान शेजाऱ्यांना त्यांच्या जमातीकडून पत्रे मिळाले, तेव्हा त्यांनी त्यातले चार आमच्या आळीतील अंगणवाडीवर घातले. तिथे सगळ्यांचीच मुले बसत.

मंडळास मी सर्व हकीकत लिहून कळविली. कोणीही जाब विचारला नाही, याबद्दल मंडळाचे आभार मानतो.

पुढचे थोडक्यात सांगतो. पंचनामे सुरू झाले. सरकारने बागायतीची भरपाई हेक्टरी ५०,००० रुपयांपर्यंत वाढविली. तथापि कोकणातल्या वाड्या गुंठ्यांच्या. दहा गुंठे म्हणजे हेक्टरचा दहावा भाग. हिशेबाने पाच हजार रुपये हाती येतात. पडलेली झाडे तोडून वाडी साफ करण्यासही ते पुरत नाहीत. तेव्हा मजुरी कोणी कोणास दिली नाही. आज याच्या वाडीत, उद्या त्याच्या वाडीत, असे पाळीपाळीने सगळे खपले. वीज आली ती २० जुलैला, सत्तेचाळीस दिवसांनी. योगायोग असा की त्या दिवशी आषाढी अमावास्या होती, दिव्यांची अवस. घरोघर समया घासून मांडलेल्या होत्या आणि वरचा बल्ब लागला! लहान पोरे ओरडत रस्त्यावर धावली. मोठ्यांचेही डोळे कोरडे राहिले नाहीत.

आता माझी विनंती. ज्ञातिसंस्थांनी शतकभर मोठे कार्य केले आहे. वसतिगृहे काढली, शिष्यवृत्त्या दिल्या. मी स्वतः ज्ञातीच्या पुस्तकपेढीतील पुस्तकांवर मॅट्रिक झालो. तेव्हा ज्ञातीने ज्ञातीस मदत करू नये, असे मी म्हणणार नाही. परंतु त्या दिवसांत मी एक गोष्ट डोळ्यांनी पाहिली. आपल्याला आपल्या ज्ञातीने ताडपत्र्या दिल्या, मुसलमानांना जमातीने पत्रे दिले, कुणबी बांधवांना त्यांच्या मुंबईच्या मंडळींनी धान्य पाठविले. आळीच्या टोकाच्या पाच झोपड्यांना मात्र कोणी काही पाठविले नाही, कारण त्यांचा मुंबईत कोणी नाही, त्यांची वर्गणी नाही, त्यांची स्मरणिका निघत नाही. प्रत्येकाने आपापल्या माणसांकडे पाहिले, तर ज्याला पाहणारे कोणीच नाही तो भिजत राहतो. आणि पहिल्या दिवशी कुऱ्हाड घेऊन आला होता तो तोच.

म्हणून मी सुचवितो की, आपल्या आपत्ती-निधीच्या नियमांत एक ओळ वाढवावी : 'ज्या आळीत वा वाडीत ज्ञातीची मदत जाईल, तेथे ती गरजेच्या क्रमाने, सर्व शेजाऱ्यांस मिळून वाटावी.' यादीतील जातीचा रकाना काढावा आणि त्या जागी 'छप्पर आहे की नाही' असा रकाना घालावा. वादळे काही थांबणार नाहीत. २००९ च्या नोव्हेंबरात 'फयान' आले होते, २०२० मध्ये 'निसर्ग' आले, आणि वर्षही पुरे झाले नव्हते तोच २०२१ च्या मे महिन्यात 'तौक्ते' किनाऱ्याला घासून गेले. पुढचे येण्यापूर्वी प्रत्येक आळीने एक दोर-पोहरा, एक चांगली करवत, दोन कंदील आणि आजारी-वृद्धांची नावे लिहिलेली एक वही तयार ठेवावी. यास खर्च फारसा नाही.

त्या पावसाळ्यात मी वाडीत पुन्हा रोपे लावली. ती मला चाचींच्या परसातल्या वाफ्यातून मिळाली, आणि खड्डे त्या तरुणाने खणून दिले. साठी उलटलेल्या माणसाने माड लावावा, हे पाहून काही जण हसले. आज पाच वर्षांवर काळ लोटला. रोपे माझ्या डोक्यावर गेली आहेत. ओटीवरून समुद्र पुन्हा दिसेनासा होत चालला आहे, याचा मला फार आनंद आहे.

 माझ्या विनंतीचा सभेने विचार करावा, एवढे सांगून मी आपली रजा घेतो.